केमिस्ट्री सोडून क्वांटमकडे जाऊ का?

प्रश्न : सर, मी मिरजेला राहते आणि सांगलीत टी. वाय. बी.एस्सी. केमिस्ट्री करते. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. गेल्या वर्षी मी स्वतःच पायथन शिकले आणि किस्किट नेचर हे क्वांटम कॉम्प्युटरसाठीचं केमिस्ट्रीचं सॉफ्टवेअर वापरून हायड्रोजनच्या रेणूची ऊर्जा काढली. ती उणे १.८५७ आली. पायएससीएफ या साध्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र उणे १.१३७ येते. दोन्हीकडे दोन अणूंमधलं अंतर ०.७३५ अँगस्ट्रॉमच घेतलं होतं. वर्गात विचारलं तर 'हे सिलॅबसमध्ये नाही' असं उत्तर मिळालं. केमिस्ट्रीचं सॉफ्टवेअर आणि क्वांटम कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर जोडायचं काम मला करायचंय. बाबा म्हणतात, ऑरगॅनिकमधून एम.एस्सी. कर, औषध कंपनीत लागशील. पुण्यातला आत्येभाऊ म्हणतो, केमिस्ट्री सोड, एम.सी.ए. कर, नाहीतर ऐंशी हजारांचा ऑनलाइन क्वांटम कोर्स कर. माझं गणित बारावीपर्यंतच झालंय. काय करू?

उत्तर : आधी तुझ्या दोन आकड्यांचं बघू, कारण तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तरही मला त्यातच दिसतं.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. उणे १.८५७३ हार्ट्री (हार्ट्री हे अणू-रेणूंच्या ऊर्जेचं एकक) ही फक्त इलेक्ट्रॉनांची ऊर्जा. दोन अणुकेंद्रकं एकमेकांना ढकलतात, त्याची ऊर्जा तीत धरलेली नाही. कागद घे आणि हातानेच कर. ०.७३५ अँगस्ट्रॉम म्हणजे १.३८९ बोर, हे अणूंच्या मापातलं लांबीचं एकक. या एककांत दोन प्रोटॉनमधलं प्रतिकर्षण म्हणजे एक भागिले अंतर, म्हणजे ०.७२००. ते उणे १.८५७३ मध्ये मिळव, उणे १.१३७३ येईल. किस्किट नेचर निकालात हे प्रतिकर्षण आणि एकूण ऊर्जा खालच्या वेगळ्या ओळींत छापतं, तू वरची ओळ उचललीस, एवढंच. नुसतं प्रोग्रॅमिंग शिकलेला मुलगा इथे दिवसभर कोड तपासत बसला असता. रेणूत काय काय असतं हे ज्याला माहीत आहे, त्यालाच पहिली शंका केंद्रकांची येते.

तुला आवडलेल्या कामाचं स्वरूप नेमकं हेच आहे. पायएससीएफ किंवा साय-फोर ही साध्या कॉम्प्युटरवर चालणारी केमिस्ट्रीची सॉफ्टवेअर आधी हार्ट्री-फॉक गणित (प्रत्येक इलेक्ट्रॉनवर बाकीच्यांचा सरासरी परिणाम धरून काढलेलं अंदाजी उत्तर) करतात आणि इलेक्ट्रॉनांमधल्या परस्परक्रियांचे इंटिग्रल काढून देतात. ते इंटिग्रल ओपनफर्मिऑन किंवा किस्किट नेचर घेतं आणि १९२८ सालच्या जॉर्डन-विग्नर रूपांतराने क्युबिटच्या, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरच्या बिटच्या, भाषेत मांडतं. हायड्रोजनला सगळ्यात लहान बेसिसमध्ये (बेसिस म्हणजे ऑर्बिटल मांडायला घेतलेला फलनांचा संच) ४ क्युबिट लागतात आणि समीकरणात १५ पदं येतात. पुढचं काम क्वांटम अल्गोरिदमचं. त्यातला व्हीक्यूई, म्हणजे साध्या कॉम्प्युटरच्या मदतीने ऊर्जा कमीत कमी करत नेणारा अल्गोरिदम, हा २०१४ साली प्रकाशावर चालणाऱ्या छोट्या चिपवर हीलियम हायड्राइड आयनसाठी पहिल्यांदा करून दाखवला गेला.

खरी मेहनत आहे ती या दोन टप्प्यांच्या सांध्यावर. पायएससीएफ ज्या क्रमाने इंटिग्रलचे चार निर्देशांक लिहितं, त्या क्रमाने ओपनफर्मिऑन लिहीत नाही. ओपनफर्मिऑनमध्ये अल्फा आणि बीटा स्पिन एकाआड एक येतात, किस्किट नेचरमध्ये आधी सगळे अल्फा, मग सगळे बीटा. दोन दुकानांच्या वह्यांत जमा-नावे उलट बाजूंना लिहिलेलं असलं तर बेरजा होतात, पण ताळा बसत नाही, हे बाबांना विचारलंस तर ते लगेच सांगतील. इथेही प्रोग्रॅम कुठेही न अडखळता शेवटपर्यंत चालतो आणि चुकीची ऊर्जा देतो. लाल अक्षरांत एररसुद्धा येत नाही. म्हणून ताळा घ्यायची सवय लागते: उत्तर हार्ट्री-फॉकच्या खाली आलं का, अचूक उत्तराच्याही खाली तर गेलं नाही ना, इलेक्ट्रॉनांची संख्या तीच राहिली का. तुझ्या हायड्रोजनसाठी हार्ट्री-फॉकचं उत्तर उणे १.११७० आणि अचूक उत्तर उणे १.१३७३, म्हणजे फरक ०.०२. आपल्याला हवी असलेली अचूकता मात्र ०.००१६ हार्ट्रीची, म्हणजे मोलमागे एक किलोकॅलरी. सगळी धडपड या फटीत चालते.

आता बाबांच्या दुकानातली हळद घे. कर्क्युमिनचं सूत्र तुला पाठ असेल: २१ कार्बन, २० हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. त्याच लहान बेसिसमध्ये कार्बन आणि ऑक्सिजनची पाच-पाच ऑर्बिटल, हायड्रोजनचं एक, मिळून १५५. प्रत्येकाला दोन स्पिन, म्हणजे ३१० क्युबिट. इलेक्ट्रॉन १९४. आजच्या यंत्रांत जो गोंगाट असतो, त्यात हे पूर्ण गणित विश्वासाने होत नाही. मग काही मोजकीच ऑर्बिटल निवडून तेवढ्यांचाच प्रश्न क्वांटम भागाकडे पाठवतात. कोणती निवडायची? कर्क्युमिनचं कीटो रूप आणि ईनॉल रूप, एकाआड एक दुहेरी बंधांची सलग जोडलेली पाय (π) प्रणाली, हायड्रोजन बंध, हे ज्याला समजतं त्यानेच निवडावीत. हे एम.सी.ए.त शिकवत नाहीत. म्हणून आत्येभावाचा सल्ला मला पटत नाही. केमिस्ट्री सोडू नकोस. तुझ्याकडे इतरांपेक्षा जास्त जे काही आहे ते तेच आहे.

बाबांचं म्हणणं मात्र मी बाजूला सारणार नाही. या कामाची नोकरी सांगली-साताऱ्यात आज नाही. बंगळुरू, पुणे, हैदराबादला आहे, पण जागा थोड्या, आणि बहुतेक ठिकाणी पीएच.डी. मागतात. म्हणजे आजपासून सात-आठ वर्षांचा रस्ता, फेलोशिप मिळेपर्यंत घरच्या पैशांवर. हे त्यांच्यासमोर स्पष्ट मांड. सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, २०३१ पर्यंत ६,००३ कोटींची. त्यातलं संगणनाचं केंद्र बंगळुरूच्या आयआयएससीत आहे. पैसा येतोय हे खरं, पण सरकारी घोषणा म्हणजे तुझ्या नावाची नोकरी नव्हे.

तरीही मी या वाटेच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. पायएससीएफ नीट येणाऱ्या मुलीला क्वांटम कॉम्प्युटरची वाट बघत बसावं लागत नाही. औषध कंपन्यांतलं मॉलिक्युलर मॉडेलिंग, बॅटरीचं साहित्य, उत्प्रेरकांचं संशोधन, सगळीकडे हेच गणित साध्या कॉम्प्युटरवर रोज चालतं. क्वांटम यंत्रं दहा वर्षं उशिरा आली तरी तुझं शिक्षण वाया जात नाही.

तेव्हा एम.एस्सी. केमिस्ट्रीच कर, जमेल तिथे फिजिकल किंवा थिअरॉटिकलकडे झुकून. आयआयटीच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेचा केमिस्ट्रीचा पेपर दे. त्यातलं गणित बारावीच्या पातळीचंच असतं, घाबरायचं कारण नाही. जॅमचा अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. शिवाजी विद्यापीठाची प्रवेश परीक्षाही दे. कोल्हापूर मिळालं तर कमीपणा मानू नकोस, तिथे थिअरीत काम करणारा मार्गदर्शक शोध. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिचाही अर्ज टाक. दोन महिने चांगल्या संस्थेत काढलेस तर हे काम आपल्याला रोज करायला आवडेल का, ते तुझं तुलाच कळेल.

ऐंशी हजारांचा कोर्स नको. मी नाव न वाचताच सांगतोय, कारण किस्किट, ओपनफर्मिऑन, पायएससीएफ, साय-फोर ही चारही मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण मंचावर क्वांटम केमिस्ट्री आणि रेखीय बीजगणित दोन्ही फुकट शिकता येतात, परीक्षा दिली तरच थोडी फी. विंडोजच्या कॉम्प्युटरवर पायएससीएफ थेट बसत नाही, त्यामुळे सरळ गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच पायथन चालवता येणाऱ्या सेवेवर, चालव. ऐंशी हजारांत चांगला लॅपटॉप येतो, पुढच्या वर्षी घ्या.

गणितात तुला हवं ते एवढंच: मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू, संमिश्र संख्या आणि टेन्सर गुणाकार. रोज तासभर दिलास तर सहा महिन्यांत जमेल. आयगेनव्हॅल्यू कळली की क्वांटमच्या धड्यातली श्रोडिंगरची समीकरणंही तुला वेगळ्या नजरेने दिसतील.

दिवाळीच्या सुट्टीत एक काम कर. तोच हायड्रोजन ०.५ पासून ३ अँगस्ट्रॉमपर्यंत ताणत जा आणि प्रत्येक अंतराला तीन ऊर्जा काढ: हार्ट्री-फॉक, पायएससीएफची अचूक, आणि क्वांटम सॉफ्टवेअरची. तिन्ही एकाच आलेखावर काढ. अंतर वाढेल तशी हार्ट्री-फॉकची रेघ वर सुटत जाईल, बाकी दोन एकावर एक बसायला हव्यात. बसल्या नाहीत तर कुठे आणि का, हे शोधून पानभर मराठीत लिही. आलेख आणि ते पान मला पाठव. फेलोशिपच्या अर्जाला जोडायला तेच उपयोगी पडेल, आणि अर्जातला मजकूर आपण दोघं मिळून नीट करू. बाबांना काही विचारायचं असेल तर त्यांचंही पत्र सोबत येऊ दे.