लेक ओंटारियोत सॅमन-ट्राउटच्या ट्रोलिंगसाठी कोणतं रीळ आणि कोणती लाइन घ्यावी?

तुम्ही विचारलंय की मित्राच्या अठरा फुटी बोटीवर दोन डाउनरिगर (केबलला जड गोळा बांधून लाइन हव्या त्या खोलीवर नेणारं यंत्र) आहेत, जुलै-ऑगस्टमध्ये पोर्ट क्रेडिट बंदराहून सॅमनसाठी निघायचंय, तर कोकणात गरवायला वापरत होतात तेच स्पिनिंग रीळ आणि त्यावरची बारीक विणलेली लाइन चालेल का.

माझ्या मते दोन्ही नको. ते रीळ धक्क्यावरून गरवायला ठेवा. ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासे धरण्यासाठी, आडव्या स्पूलचं, लाइन-काउंटर (किती लाइन सुटली ते दाखवणारा आकडा) असलेलं लेव्हलवाइंड (लाइन स्पूलवर सारखी गुंडाळणारं) रीळ घ्या आणि घ्याल तेव्हा अगदी एकसारखी दोन घ्या.

इथे सगळा खेळ खोलीचा आणि अंतराचा आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की चिनूक सॅमन साधारण 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या थरात उतरतो. तो थर आज 50 फुटांवर असेल, तर वारा फिरल्यावर 100 फुटांवरही जाईल. गोळा किती खोल आहे हे डाउनरिगर सांगतो. पण स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) गोळ्याच्या मागे 15 फुटांवर आहे की 40, हे रिळावरच कळायला हवं. एकदा मासा लागला की पुन्हा तेवढीच लाइन सोडता आली पाहिजे. अंदाजपंचे सोडली तर पहिला मासा का लागला ते कधीच कळत नाही.

काउंटर मात्र लाइनची लांबी मोजत नाही, तो स्पूलचे फेरे मोजतो. स्पूल अर्धवट भरलेलं असेल तर एका फेऱ्यात कमी लाइन सुटते, म्हणजे काउंटर 100 म्हणतो तेव्हा पाण्यात 100 फूट नसतातच. म्हणून स्पूल काठापर्यंत भरा, दोन्ही रिळांवर एकच लाइन सारखीच भरा आणि घराबाहेर टेप पसरून 100 फुटांना काउंटर काय दाखवतो ते एकदा पाहून घ्या. दोन्ही रिळं सारखंच चुकत असली तरी चालतं, कारण आपल्याला जुळवायचं असतं ते एकमेकांशी.

मॉडेलवर फार डोकं लावू नका. दायवाची सीलाइन, ओकुमाची कोल्डवॉटर आणि शिमानोची टेकोटा या इथल्या बोटींवर नेहमी दिसणाऱ्या मालिका. त्यात टेकोटा महाग. निवडताना दोन गोष्टी बघा. तुमच्या जाडीची लाइन निदान 250 यार्ड मावली पाहिजे, आणि ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सोडत जाणारा रिळाचा ब्रेक) झटका न देता सुरू झाला पाहिजे. दुकानात स्पूल हाताने ओढून बघा. आधी अडकून मग एकदम सुटत असेल तर ते रीळ परत ठेवा. मोठा चिनूक पहिल्या धावेत शंभर यार्ड सहज काढतो आणि लाइन तुटते ती त्या पहिल्या झटक्यालाच. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर ठेवा, वजनकाट्याला बांधून मोजा आणि घरी आल्यावर सैल करून ठेवा.

आता लाइन. खरा निर्णय इथेच आहे आणि लेक ओंटारियोत तो पाण्यातल्या पिसवा घेतात. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राकडची फिशहुक वॉटर फ्ली जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून इथे आली आणि 1998 मध्ये या सरोवरात सापडली. जीव जेमतेम सेंटीमीटरभर, त्यातही बहुतेक शेपूटच, आणि शेपटीच्या टोकाला वाकडा हूक. भर उन्हाळ्यात त्या लाइनला अडकत जातात. लाइन गुंडाळायला लागलात की ओल्या कापसासारखे पुंजके वर येतात आणि रॉडच्या शेंड्याच्या कडीत बसतात. मासा बोटीमागे तीस फुटांवर उड्या मारतोय आणि रीळ फिरत नाही, अशी वेळ येते. मग एकाने रॉड वाकवून धरायचा आणि दुसऱ्याने बोटांनी ते पुंजके खरवडून काढायचे. बारीक विणलेल्या लाइनवर त्या सगळ्यात जास्त बसतात, जाड तंगुसावर बऱ्याच कमी.

म्हणून जुलै-ऑगस्टला डाउनरिगरवर 30 पौंडी नायलॉनचा साधा तंगूस भरा. पिसवांसाठी मुद्दाम बनवलेली लाइनही मिळते, तीही चांगली. तंगूस ताणला जातो हा त्याचा दोष मानतात, मला तो गुण वाटतो. स्टीलहेड (सरोवरात वाढणारा रेनबो ट्राउट) हवेत उडी मारून डोकं झटकतो तेव्हा तोच ताण हूक निसटू देत नाही. पुढे 20-25 पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (आमिषाजवळचा लाइनचा तुकडा) पुरे.

विणलेल्या लाइनची जागा डिप्सी डायव्हरवर (लाइनला खोल आणि बाजूला नेणाऱ्या चकतीवर) आहे. ती ताणली जात नाही, त्यामुळे दोनशे फुटांवरचा डिप्सीही झटका देऊन सोडवता येतो. पिसवांच्या दिवसांत त्या जागी बरेच जण तार वापरतात. लेडकोर (आत शिसं असलेली लाइन) आणि तांब्याच्या लाइनला मोठी, वेगळी रिळं लागतात. दोन डाउनरिगर असताना पहिल्या हंगामात त्यावर खर्च करू नका.

एप्रिल-मेमध्ये हिशोब उलटा असतो. ब्राउन ट्राउट किनाऱ्यालगत 10-15 फूट पाण्यात येतात, पाणी नितळ असेल तर जाड लीडरला बुजतात. तेव्हा 10-12 पौंडी लीडर लावा आणि स्पून बोटीपासून बराच मागे सोडा. रिळं तीच चालतील.

डाउनरिगरला केबल किती आहे आणि गोळा किती पौंडाचा आहे ते कळवा. आठ पौंडांचा असेल तर शंभर फुटांखाली तो बराच मागे ओढला जातो, मग आधी गोळा बदला, रिळं नंतर घ्या.