‘स्थिर प्रवाह’ की ‘प्रवाहस्थैर्य’?

प्रश्न असा आला आहे: कल्पाक्कमच्या अणुभट्टीवरच्या लेखाचं भाषांतर करताना वाफजनित्रातल्या ‘फ्लो स्टॅबिलिटी’साठी ‘स्थिर प्रवाह’ लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, जे वाहतं ते स्थिर कसं?

संपादकांना खटकलं ते योग्यच, पण त्यांचं कारण पटत नाही. दर सेकंदाला तेवढंच पाणी गेलं की प्रवाह स्थिर म्हणायला काहीच हरकत नाही. मात्र तो झाला ‘स्टेडी’, आणि लेख बोलतोय ‘स्टेबल’बद्दल, म्हणजे धक्का बसला तरी मूळपदावर येणाऱ्या प्रवाहाबद्दल. आपण ‘स्थिर’ दोन्हीकडे चालवतो: ‘स्थिर तापमान’ म्हणजे न बदलणारं, ‘स्थिर संयुग’ म्हणजे सहजी न मोडणारं. एरवी खपून जातं. इथे अर्थच उलटू शकतो.

कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर भट्टीला आठ वाफजनित्रं आहेत. प्रत्येकात सुमारे २३ मीटर लांबीच्या ५४७ नळ्या. नळ्यांबाहेरून ५२५ अंश सेल्सियसचा द्रव सोडियम खाली उतरतो, आतून पाणी वर चढतं आणि एकाच फेरीत त्याची अतितप्त वाफ होते. सगळ्या नळ्या खाली-वर सामाईक कोठ्यांना जोडलेल्या, म्हणून दोन टोकांमधला दाबफरक सगळ्यांना सारखाच. कुणी किती पाणी घ्यायचं ते नळ्यांनी आपसात वाटून घ्यायचं. एखादीत पाणी जरा कमी शिरलं की ते लवकर उकळतं, वाफ वाढते, घर्षण बदलतं. हा बदल नळीभर वर सरकायला वेळ लागतो. त्याचा परिणाम तळाच्या प्रवाहावर उशिरा आणि अवेळी झाला, की प्रवाह हेलकावे खाऊ लागतो. एक नळी कमी घेते तेव्हा दुसरी जास्त, आणि पंपाजवळच्या मापकावर एकूण प्रवाह मात्र अगदी स्थिर!

तोल ढळण्याचा दुसरा प्रकार तर आणखी फसवा. १९३८ मध्ये लेडिनेग या संशोधकांनी दाखवलं की उकळत्या नळीत एकाच दाबफरकाला प्रवाहाची एकाहून जास्त मूल्यं असू शकतात. नळी एका मूल्यावरून घसरते आणि दुसऱ्यावर स्थिरस्थावर होते. प्रवाह पुन्हा स्थिर, पण भलत्याच जागी.

हे नुसतं शब्दांपुरतं नाही. नळीची भिंत सतत तापली-निवली की धातू थकतो, आणि त्या भिंतीपलीकडे पाण्याशी गाठ पडताच भडकणारा सोडियम आहे. म्हणून नळीच्या तळाशी, पाणी आत शिरतं तिथे, मुद्दाम ऑरिफिस, म्हणजे अरुंद छिद्राचा अडसर, बसवतात. तिथला दाबऱ्हास (दाबातली घट) प्रवाहाबरोबर तत्काळ बदलतो आणि हेलकावा दबतो. किंमत म्हणून पंपाला जास्त जोर लावावा लागतो. तीच अडचण वरच्या टोकाला केली तर हेलकावे उलट वाढतात.

तेव्हा ‘स्टेडी’ला ‘स्थिर’ राहू द्या, ‘स्टॅबिलिटी’ला ‘प्रवाहस्थैर्य’ घ्या आणि ‘अनस्टेबल’ला ‘स्थैर्यहीन’. ‘अस्थिर प्रवाह’ टाळा. वाचक त्याचा अर्थ नुसता कमीजास्त होणारा प्रवाह असा घेईल. ‘स्थैर्यहीन’ जड वाटला, तर चालू मजकुरात ‘धक्का बसल्यावर प्रवाह तोल सावरतो का’ असं सरळ लिहा. मला तेच जास्त आवडेल.