गेमचा दुसरा भाग कशाने जमतो, कशाने फसतो?

तुम्ही विचारलंय की पहिला गेम लोकांना आवडलेला असतो, कंपनी तीच असते, पैसा आधीपेक्षा जास्त असतो, तरी दुसरा भाग कधी पहिल्याच्या चार पावलं पुढे जातो आणि कधी सपशेल आपटतो, असं का?

माझं मत आधी सांगून टाकतो. पहिल्या गेममध्ये काय खटकलं हे सगळ्यांना माहीत असतं, कारण लोक ते मोठ्याने बोलतात. पण तो आवडला नेमका कशामुळे, हे खेळणाऱ्यांनाही धड सांगता येत नाही. बनवणाऱ्यांना ते नीट उमगलं असेल तर ते बाकीचं सगळं निर्धास्त बदलू शकतात आणि गेम जमतो. उमगलं नसेल तर तक्रारी दूर करण्याच्या नादात तीच गोष्ट हातून जाते. वेळ, पैसा, तंत्र ही कारणंही आहेतच, पण ती त्यानंतरची.

उदाहरणाला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घेतो. नव्वदच्या दशकात शाळेच्या नाहीतर क्लासच्या कॉम्प्युटरवर ज्यांनी पहिल्यांदा गेम पाहिला, त्यांतल्या बऱ्याच जणांना तो आठवत असेल. शिवाय जमलेले आणि फसलेले असे दोन्ही प्रकारचे पुढचे भाग या एकाच घराण्यात सापडतात.

मूळ गेम १९८९ चा, जॉर्डन मेक्नरने ॲपल-२ या कॉम्प्युटरवर जवळपास एकट्याने बनवलेला. त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक फ्रेम बघून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. म्हणून तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा हलायचा. धावता धावता थांबवला तर जागच्या जागी थांबायचा नाही, पुढे घसरायचा. कड्याला लोंबकळला की पाय झुलायचे. त्या काळात इतर गेममधली पात्रं कागदी वाटायची, याला मात्र वजन होतं. आणि डोक्यावर ६० मिनिटांची टांगती तलवार. तेवढ्यात राजकन्येपर्यंत पोहोचायचं, नाहीतर संपलं. अंगाचं वजन आणि हातातून निसटणारा वेळ, या दोन गोष्टींवर अख्खा गेम उभा होता.

१९९३ च्या दुसऱ्या भागात जागा वाढल्या, शत्रू वाढले, फार काही बिघडलं नाही. १९९९ मध्ये मात्र 'प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी' आला. तेव्हा सगळेच थ्रीडीत उतरत होते, म्हणून हाही उतरला. नाव होतं, राजवाडा होता, सापळे होते. पण कॅमेरा ऐन वेळी भलतीकडे बघायचा आणि उडी कुठून मारायची याचा अंदाज यायचा नाही. ज्या गेमची सगळी मजा एका उडीच्या भरवशावर होती, त्यात उडीचाच भरवसा राहिला नाही. बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, होत्या त्या वेगळ्याच.

चार वर्षांनी, २००३ मध्ये, युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओने 'सँड्स ऑफ टाइम' काढला आणि पटकथेसाठी खुद्द मेक्नरला बोलावलं. वरवर पाहिलं तर या गेममध्ये मूळचं फारसं काही उरलं नव्हतं. ६० मिनिटांची मर्यादा गेली, गोष्ट नवी, राजपुत्र नवा. पण ज्या दोन गोष्टी राखायच्या त्या बरोबर राखल्या. राजपुत्र आता भिंतीवरून धावायचा, खांबावर चढायचा, आडव्या दांड्याला झोका घेऊन पलीकडे जायचा आणि या प्रत्येक हालचालीत तेच जुनं वजन जाणवायचं. आणि वेळ? आधी तो संपत जायचा, आता तो उलटा फिरवता यायचा. उडी चुकली, खाली कोसळलात, की राजपुत्राच्या जादूच्या खंजिरातली काळाची वाळू खर्च करून काही सेकंद मागे जायचं आणि पुन्हा कड्यावर उभं राहायचं.

यातली एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. हा सगळा गेम म्हणजे राजपुत्र कुणाला तरी सांगत असलेली कहाणी आहे. तुम्ही मेलात तर पडद्यामागून त्याचाच आवाज येतो, की छे, असं नव्हतं झालं, थांबा, पुन्हा सांगतो. म्हणजे तुमचं मरणंसुद्धा कहाणी सांगणाऱ्याची चूक ठरते! गेम, गोष्ट आणि काळ या तिन्हींची इतकी घट्ट वीण मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. शेवटी तो काळ इतका मागे नेतो की झालेलं सगळं न झाल्यासारखं होतं. जिच्याबरोबर अख्खा प्रवास केला, त्या फराहला तो आता ओळखीचाही उरत नाही.

तक्रार एकच होती, मारामारीची. शत्रू एकामागून एक येत राहायचे, आणि खंजीर खुपसून त्यांची वाळू ओढून घेतली नाही तर पुन्हा उठायचे. शेवटाकडे याचा कंटाळा यायचा, हे मलाही मान्य आहे.

तेरा महिन्यांत, डिसेंबर २००४ मध्ये, 'वॉरियर विदिन' आला. मारामारीची तक्रार त्याने खरंच दूर केली. दोन्ही हातांत शस्त्रं, शत्रूचंच हत्यार हिसकावून त्याच्यावर फेकणं, सगळं भरपूर आणि मोकळं. पण त्याचबरोबर राजपुत्र चिडका, शिवराळ झाला. आवाज देणारा नट बदलला. जिथे आधी पौर्वात्य सूर होते तिथे हेवी मेटल वाजू लागलं. बायका तोकड्या चिलखतात आल्या, मुंडकी उडू लागली. कहाणी सांगणारा तो हळवा आवाज गेला. मेक्नरचा या भागात सहभाग नव्हता. त्यातली हिंसा आणि एकूण रंगरूप आपल्याला रुचलं नाही, असं त्याने नंतर जाहीरपणे सांगितलं.

इथे थोडं थांबून 'वॉरियर विदिन'ची बाजूही मांडायला हवी. आपल्याकडे सायबर कॅफेत तो खेळलेल्यांना तो प्रचंड आवडतो आणि त्याला कारण आहे. 'सँड्स'च्या शेवटी सगळं पुसून टाकलेलं असताना पुढची गोष्ट आणायची कुठून, हा मोठा पेच होता. त्यांनी तो फार हुशारीने सोडवला: काळाशी खेळलास ना, मग आता काळाचा राखणदार तुझा जीव घ्यायला येणार. तो दहाका. तो मागे लागला की पडद्याचा रंग उडतो आणि लढायचा प्रश्नच येत नाही, फक्त पळायचं. भिंतीवरून, कड्यावरून, जीव घेऊन. त्या क्षणी गेम पुन्हा १९८९ चा होतो, वजन आणि वेळ. एकच किल्ला आज पडका आणि भूतकाळात धडधाकट अशा दोन रूपांत फिरायला मिळणं हीसुद्धा सुंदर कल्पना होती. म्हणजे हा भाग जिथे मुळाशी इमान राखतो तिथे अप्रतिम आहे आणि जिथे त्या वेळच्या फॅशनमागे जातो तिथे त्याचा चेहरा हरवतो. बाजारात तो चांगला खपला. तरी मला तो अर्धा फसलेलाच वाटतो.

असं का झालं याचं एक कारण पडद्यामागे आहे. 'सँड्स'ची सर्जनशील बाजू सांभाळणारा पॅट्रिस देझिले तोवर पुढच्या पिढीच्या कन्सोलसाठी वेगळ्याच कामाला लागला होता. कंपनीचं नाव तेच होतं, पण काय राखायचं हे ज्यांना आतून कळलं होतं त्यांतली महत्त्वाची माणसं दुसऱ्या खोलीत होती. 'टीम तीच' असं आपण बाहेरून म्हणतो, तेव्हा हे बहुतेक वेळा तपासलेलं नसतं.

२००५ च्या 'टू थ्रोन्स'ने बरंच सावरलं. फराह परत आली, राजपुत्राचा जुना आवाज परत आला, आणि मधल्या भागातला तो संतापी राजपुत्र आता याच्याच डोक्यात बसून वाद घालणारा दुसरा आवाज झाला. मला सगळ्यात भावलं ते मारामारीचं उत्तर. भिंतीवरून, तुळईवरून बेमालूम शत्रूच्या मागे यायचं आणि खंजीर चमकेल त्या क्षणी बटण दाबून त्याला संपवायचं. लढाईची तक्रार त्यांनी लढाई वाढवून मिटवली नाही, हालचालीतून मिटवली.

देझिलेचं ते दुसरं काम म्हणजे 'असॅसिन्स क्रीड'. सुरुवातीला तोही प्रिन्स ऑफ पर्शियाचाच गेम होणार होता, पुढे स्वतंत्र झाला आणि २००७ मध्ये आला. दमास्कस, अक्को, जेरुसलेम, वाटेल त्या इमारतीवर चढा. लोक वेडे झाले. पण प्रत्येक सावज टिपण्याआधी कान देऊन ऐका, खिसा कापा, कुणाला तरी बडवून माहिती काढा, हेच पुन्हा पुन्हा. २००९ च्या दुसऱ्या भागाने ते जवळपास सगळं काढून टाकलं आणि शहरभर मनसोक्त चढत फिरायचं सुख तसंच ठेवलं. एक बारीक गोष्ट बघा. पहिल्या भागातला नायक पाण्यात पडला की मरायचा. दुसऱ्यातला एत्झिओ पोहतो. गेमचा बराच भाग व्हेनिसमध्ये घडतो, तिथे पाण्याला भिणारा नायक घेऊन कसं चालेल? नवी जागा काय मागते आहे हे बघून केलेला असा एक बदल दहा नव्या हत्यारांपेक्षा जास्त काम करतो.

त्यानंतर दरवर्षी एक भाग येऊ लागला आणि २०१४ मध्ये 'युनिटी'त पात्रांचे चेहरेच गायब होऊन नुसते डोळे आणि दात हवेत तरंगताना दिसले. कंपनीला माफी मागावी लागली, पुढचं जादा प्रकरण फुकट द्यावं लागलं. २०१६ मध्ये त्यांनी मुख्य गेम काढलाच नाही आणि २०१७ मध्ये इजिप्तमधला 'ओरिजिन्स' आणला. एका वर्षाची उसंत मिळाल्याने काय फरक पडतो, हे त्यात दिसतं.

फसण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याकडे कमी लक्ष जातं. दुसऱ्या भागाचा खरा प्रतिस्पर्धी पहिला भागच असतो, आणि तोही पहिल्या दिवशीचा नाही, तर आज आहे तसा. 'सिटीज: स्कायलाइन्स' हा शहर वसवायचा गेम फिनलंडच्या एका छोट्या स्टुडिओने २०१५ मध्ये काढला. पुढची आठ वर्षं त्यात नवनवी भर पडत गेली, आणि खेळणाऱ्यांनी स्वतः बनवलेले हजारो मॉड, म्हणजे गेममध्ये घालायचे बदल आणि नव्या गोष्टी, आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा रस्ते आखायची सोय खरोखरच उत्तम होती. पण चांगल्या कॉम्प्युटरवरही तो अडखळायचा, आणि मॉडची सोय आणखी काही महिने आलीच नाही. शहरातल्या माणसांच्या तोंडातले दातसुद्धा तपशीलवार बनवलेत, हे लोकांनी शोधून काढलं, आणि तो भार मशीनवर पडत होता! पुढे समुद्रकिनाऱ्याच्या घरांचं जादा पॅकेज विकलं, त्यावर इतकी टीका झाली की पैसे परत करावे लागले. लोकांना पहिल्या गेममध्ये काय सापडलं होतं? आपलं शहर आपल्या मनासारखं घडवायची मोकळीक, आणि तिचा मोठा भाग मॉडमधून येत होता. नेमकं तेच पहिल्या दिवशी नव्हतं.

याच्या अगदी उलट टोकाला निन्टेंडो या जपानी कंपनीचा 'टीअर्स ऑफ द किंगडम', म्हणजे 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चा पुढचा भाग. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चाच नकाशा पुन्हा वापरणार म्हटल्यावर अनेकांनी आळशीपणाचा आरोप केला होता. पण त्या गेमची गंमत नकाशात नव्हतीच. 'हे असं करून बघू का?' असं मनात आलं आणि ते खरंच करता आलं, ही त्याची गंमत होती. म्हणून त्यांनी जमीन तीच ठेवली आणि हात बदलले. लाकडाचे ओंडके चिकटवून पूल करा, चाकं लावून गाडी करा, काठीला दगड जोडून हातोडा करा. वर आकाशात बेटं दिली, खाली पाताळ दिलं. २०२२ चा मुहूर्त पुढे ढकलून मे २०२३ मध्ये तो आणला आणि तीन दिवसांत त्याच्या १ कोटी प्रती खपल्या.

'सँड्स ऑफ टाइम' नव्याने बनवायचं काम २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं जाहीर झालं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. ट्रेलरमधल्या ग्राफिक्सवर टीका झाली, तारखा लांबल्या आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. वाईट वाटलं. पण रिमेकची परीक्षा सिक्वेलपेक्षाही कडक असते. तिथे लोक पडद्यावरचं चित्र आपल्या आठवणीशी ताडून बघतात, आणि आठवणीतले ग्राफिक्स नेहमीच खऱ्यापेक्षा सुंदर असतात.

शेवटी एक गोष्ट तुमच्या प्रश्नातच दडलेली आहे. यशस्वी म्हणजे चांगला की खपलेला? जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्याच फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन' काढला. गेम पुन्हा बाजूने दिसणारा झाला आणि नायक राजपुत्रही नाही, सारगॉन नावाचा योद्धा आहे. हवं तर संवाद फारसीत ऐकता येतात. सारगॉन एका जागी आपली सावली सोडून पुढे जातो आणि क्षणात पुन्हा तिच्या जागी येतो. मूळ गेममध्येही आरशातून निघालेली राजपुत्राची सावली होती. मेमरी कमी पडत होती म्हणून मेक्नरने राजपुत्राचंच चित्र वापरून हा शत्रू उभा केला होता. त्या सावलीची आठवण करून देणारी ही कल्पना मला फार आवडली. समीक्षकांनी भरभरून वाखाणला, पण अपेक्षेइतका खपला नाही आणि त्याच वर्षी ती टीम वेगवेगळ्या कामांवर विखुरली गेली. माझ्या लेखी तो या घराण्यातला 'सँड्स'नंतरचा सर्वात चांगला गेम आहे.

तुम्हाला हे स्वतः पडताळून बघायचं असेल तर 'सँड्स' आणि 'वॉरियर विदिन' दोन्ही आजही पीसीवर विकत मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. आधी 'सँड्स' पूर्ण करा, मध्ये दुसरा गेम न घेता लगेच 'वॉरियर विदिन' लावा. पहिल्या तासाभरातच मारामारी किती सुधारली हे कळेल आणि काय गेलं तेही.