शेजारच्या रंगाला हात घाल

प्रिय,

पिवळ्या रेनकोटातल्या मुलाच्या छायाचित्राच्या, संगणकावर रंग बदलून तू पाठवलेल्या सगळ्या आवृत्त्या मी एकमेकींशेजारी लावून पाहिल्या. एकीत सावल्या निळसर-हिरव्या आणि त्वचा नारिंगी, एकीत आकाश जांभळे, एकीत सगळेच जुन्या फिल्मसारखे विटलेले, आणि शेवटच्या दोघींत रेनकोट इतका पिवळा की त्यावरच्या चुण्याच दिसेनाशा झालेल्या. सोबत तुझा प्रश्न, की यांतली बरोबर कोणती. तू मेहनत घेतली आहेस हे दिसतेच, त्यामुळे कौतुकात वेळ घालवत नाही. पण तुझ्या प्रश्नाचे उत्तरही मी देणार नाही, कारण हे छायाचित्र कोणत्या रंगासाठी काढले, याचा निर्णय यांतल्या एकाही आवृत्तीत दिसत नाही. कॅमेरा उचललास तेव्हा तो झालेला होता. तू त्या पिवळ्यासाठी थांबला होतास.

म्हणून एकच गोष्ट सांगते, आणि ती या पत्रात पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नकोस. जो रंग वाढवायचा आहे त्याला हात लावू नकोस. त्याच्या शेजारच्या रंगाला कमी कर.

तू काय केलेस, ते फाइल न उघडताही सांगता येते. पिवळ्याचे सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलेस. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनेलांतून बनतो. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा हे दोन वर आणि निळा खाली. तो आणखी ताणला की वरचे दोन्ही 255 या कमाल मूल्याला जाऊन टेकतात, निळा शून्याकडे घसरतो आणि कापडाच्या घड्यांमधला गडद-फिकट फरक एका सपाट पट्ट्यात बुडून जातो. केवळ एकूण उजेड दाखवणारा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, अशा वेळीही ठीकठाक दिसू शकतो. तिन्ही चॅनेल वेगळे करून पाहिले तरच नुकसान कळते. दुसरी गोष्ट तुझ्या लक्षातच आलेली नाही. मागच्या गवताला तू हिरवे समजतोस, पण सॉफ्टवेअरच्या हिशेबात गवताचा बराचसा भाग पिवळ्यात मोडतो. त्यामुळे तो एक स्लायडर सरकवताना रेनकोटाबरोबर गवतही चढत गेले, दोघांतले अंतर होते तेवढेच राहिले, रेनकोट उठून दिसेना, आणि तू स्लायडर आणखी पुढे नेलास. सगळेच ओरडू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही, ही साधी गोष्ट आहे.

आता उलट करून पाहा. मास्क वापरून, म्हणजे तेवढा भाग झाकून, रेनकोट आणि मुलाचा चेहरा बाजूला ठेव. उरलेल्या चौकटीत गवताचा ह्यू, म्हणजे मूळ रंग, पिवळ्याकडून हिरव्याकडे थोडा सरकव, त्याचे सॅच्युरेशन उतरव, ल्युमिनन्स म्हणजे उजळपणाही किंचित खाली आण. मागच्या भिंतीवर जी पिवळट झाक आली आहे ती काढून टाक. भिंत जराशी निळसर राहिली तरी चालेल, उलट बरेच. रेनकोटाच्या एकाही पिक्सेलचे मूल्य बदललेले नसेल आणि तरी तो पुढे आलेला दिसेल, चुण्यांसकट.

हे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. 1824 मध्ये मिशेल यूजीन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा तिथल्या काळ्या रंगाबद्दल तक्रार होती: निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत तो पुरेसा काळा दिसत नाही. रसायनशास्त्रज्ञाने रंगाचे मिश्रण सुधारावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. त्यांनी तपासले तर मिश्रणात काहीच दोष नव्हता. शेजारचे निळे आणि जांभळे धागे काळ्याला दुबळे करत होते. 1839 मध्ये त्यांनी याच विषयावर भला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रीसेट, म्हणजे एका क्लिकमध्ये रंग बदलणारे तयार साचे, बनवणाऱ्यांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले असेल, देव जाणे.

प्रीसेटचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. प्रीसेटला तुझ्या रंगाचे शेजारी ठाऊक नसतात. तो दुसऱ्या कुणाच्या छायाचित्रासाठी, दुसऱ्या प्रकाशात घेतलेला निर्णय असतो. शिकण्यासाठी उघडून पाहा, त्याने काय काय हलवले ते वाच आणि बंद कर.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे अशी प्रकाशाच्या छटेची जुळवणी, मात्र सर्वांत आधी. ही छटा केल्विनमध्ये मोजतात. तुझ्या आवृत्त्यांची सुरुवातच वेगवेगळ्या आकड्यांवरून झाली आहे, मग तुलना कशाची करायची? ढगाळ संध्याकाळ होती. साध्या दिवसाच्या प्रकाशासाठी धरतात त्या 5500 केल्विनपाशी थांबलास तर चौकट निळसर दिसेल, ती किती सुधारायची हे एकदा ठरव आणि मग तिथून हलू नकोस. हे रॉ फाइलवरच कर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, अप्रक्रियित नोंदीवर. जेपीईजी या आटोपशीर केलेल्या फाइलीत दर चॅनेलला 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. तुझ्या जांभळ्या आकाशात जे पट्टे पडले आहेत ते याच काटकसरीचे फळ असावे.

शेवटच्या आवृत्त्या सर्वांत भडक का झाल्या, याचाही विचार कर. डोळा भडकपणाला काही मिनिटांत सरावतो, आणि मग मूळ छायाचित्र मेलेले वाटू लागते. रात्रीचा पिवळा मोड बंद ठेव, पडदा 6500 केल्विनवर ठेव, काम संपल्यावर निर्णय घेऊ नकोस, सकाळी घे.

आता तू अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांचे नाव माझ्यासमोर आणशील, हे मला ठाऊक आहे. डाय ट्रान्सफर, म्हणजे एकेक रंग वेगळा कागदावर उतरवण्याच्या पद्धतीचे, त्यांचे गडद रंगांचे छापे 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडले गेले, तेव्हा पुष्कळ समीक्षकांनी नाके मुरडली आणि पुढे तेच नावाजले गेले, हे खरे. गडद रंगाला माझा विरोध कधीच नव्हता. पण त्यांचे 1973 चे लाल छताचे छायाचित्र नीट पाहा. लाल छत, एक उघडा दिवा, पांढऱ्या तारा. त्या लालशी भांडायला चौकटीत जवळजवळ काहीच ठेवलेले नाही. शेजाऱ्यांना त्यांनी कॅमेरा धरतानाच बाहेर काढले. तुला ते जमले नाही, गवत आत आले, म्हणून तेच काम संगणकावर करायचे आहे.

माझ्या छायाचित्रांना लोक फिकी म्हणतात, हे तुझ्याही कानावर आले असेल. म्हणोत बापडे. एका प्रकाशनाने माझ्या चौकटीतले हिरवे रंग मला न विचारता चढवले होते. छपाईच्या चार शाईंत तो हिरवा मावेना, सगळी झाडे एकाच छटेची झाली आणि त्याखाली माझे नाव छापले गेले. नाव काढा म्हणण्याइतकी मी तेव्हा भांडले नाही, याची चुटपुट अजून जात नाही. मी दिलेल्या फाइलमधला हिरवा शाईला पेलला असता, कारण मी तो वाढवलाच नव्हता. त्याच्या मागचे डोंगर तेवढे करडे केले होते. त्यांना ते करडेपण कंटाळवाणे वाटले. मला आजही तेच बरोबर वाटते, आणि हे मी तुला पटवते आहे की स्वतःला, हे विचारू नकोस.

प्रयोग थांबव असे मी म्हणत नाही. जांभळे आकाश हवे असेल तर तेही कर, पण मग पिवळा आणि जांभळा यांतला मुख्य कोण ते आधी ठरव आणि दुसऱ्याला उतरव. दोघांनाही वाढवून मला विचारू नकोस.

पुढच्या वेळी एकच आवृत्ती पाठव. तिच्यासोबत काहीही न केलेली रॉ फाइल आणि दोन ओळी: कोणता रंग राखला, आणि त्यासाठी कोणता उतरवला. नुसती जेपीईजी आली तर मी उघडणार नाही.

कळावे.