ग्राइंडरवरच्या पोराला आधीच दिसलं होतं

अगं, तुझा मेसेज सकाळी वाचला. रात्री अडीचला एवढं लांबलचक टाइप केलंयस म्हणजे वर्कशॉपमधून भांडूनच आलेली दिसतेस. "दादा, सगळं मीच करते आणि माझी पेडलची आयडिया मात्र कुणी ऐकून घेत नाही." यातल्या पहिल्या अर्ध्यावर माझा फारसा विश्वास नाही, राग मानू नकोस, कारण आमच्या वेळी मी पण हेच म्हणायचो आणि बाकीची पोरंपण आपापल्या रूमवर जाऊन हेच म्हणत होती.

बाहा म्हणजे कॉलेजच्या पोरांनी स्वतः ऑफ-रोड गाडी बांधून उतरायची ती स्पर्धा. आमची गाडी, स्पर्धेसाठी पिथमपूरला जायला दीड महिना उरलेला. सस्पेन्शनवाल्यांनी ए-आर्मचे, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे, पॉइंट जरासे सरकवले आणि नवीन फाइल ग्रुपवर टाकली, नाव काय तर 'फायनल २'. चॅसीवाल्यांकडे, म्हणजे गाडीचा सांगाडा करणाऱ्या माझ्याकडे, नुसती 'फायनल'. आम्ही टॅब, म्हणजे आर्म अडकवायच्या पट्ट्या, वेल्ड करून मोकळे झालो आणि आर्म बसवायला गेलो तर बोल्ट जाईचना, सहा एमएमचा फरक. पुढच्या तीन रात्री तेच टॅब कापून परत लावण्यात गेल्या. नंतर टपरीवर चहा पिताना कळलं की फर्स्ट इयरच्या एका पोराला हे वेल्डिंगच्या आधीच दिसलेलं, त्याच्या हातातल्या प्रिंटवर आकडा वेगळा होता. मग बोलला का नाही? तर सकाळी त्याने काहीतरी विचारलं होतं आणि मी सगळ्यांसमोर "तू आधी पाइप घासून दे" म्हणून त्याला गप्प केलं होतं. मी वर्षभर फाइलच्या नावावर खापर फोडत फिरलो.

म्हणून विचारतोय, तुझ्या टीममध्ये ज्युनिअर पोरं मीटिंगमध्ये तोंड उघडतात का? की सगळं ऐकून खाली मान घालून जर्नल लिहीत बसतात?

आता तुझ्या पेडलच्या आयडियाचं. आमच्या वेळी सगळ्या टीमना सारखंच १० एचपीचं इंजिन मिळायचं, त्यात हात घालायचा नाही. म्हणजे नवीन काय करायचं ते वजनात, गिअरबॉक्समध्ये, ड्रायव्हर बसतो कसा त्यात, आणि परत ४ तासांची एन्ड्युरन्स रेस टिकली पाहिजे, ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. असं असताना तू बारा स्लाइडचा पीपीटी दाखवून "व्होट करा" म्हटलंस तर लोक 'नको'च म्हणणार ना, मी पण म्हटलं असतं. त्यापेक्षा पीव्हीसी पाइपचा सांगाडा बांध, पेडल प्लायवूडचं कर, खर्च फार तर हजारभर, आणि जो सगळ्यात जास्त विरोध करतोय त्यालाच हेल्मेट घालून आत बसव. गुडघा कुठे अडकतो ते तोच सांगेल आणि मग दुरुस्तीपण तोच सुचवेल. आयडिया थोडी त्याचीपण झाली तर होऊ दे गं, काय बिघडतं.

आणि लिहून ठेवायचा कंटाळा करू नका. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी 'स्वयं' उपग्रह केला ना, काम सुरू झालं २००८ ला आणि इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून गेला २२ जून २०१६ ला. किलोभराचासुद्धा नाही, पण आठ वर्षं! इंजिनिअरिंग चार वर्षांचं, म्हणजे सुरू करणारे तो उडायच्या कधीच आधी पास होऊन नोकरीला लागलेले. मागच्या बॅचने हे असं का केलं, ते पुढच्यांना नीट कळलं नसतं तर दर दोन वर्षांनी पहिल्यापासून सुरुवात. तुमच्याकडे गेल्या वर्षीचा ब्रेक का फेल गेला हे कुठे लिहिलंय का? की ते फक्त पासआउट झालेल्या कुणाच्या तरी डोक्यात आहे?

बाकी केटीचं, म्हणजे राहिलेल्या विषयाचं, टेन्शन घेऊ नकोस, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) सगळ्यांचाच राहतो. मी रविवारी चाकणहून सुटलो की दुपारी वर्कशॉपला येतो, तो सांगाडा तेवढा उभा करून ठेव. आणि गॉगल शोधून ठेव, मागच्या वेळी एकच होता आणि त्याचीपण काच फुटलेली.