इमर्जन्सीत गेल्यावर डॉक्टर लगेच ‘सिगारेट ओढता का?’ असं का विचारतात?

सिगारेटचे परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतात, मग आत्ता छातीत दुखतंय त्याच्याशी तिचा काय संबंध, असं तुम्ही विचारलंय. कॅन्सरबाबत ते बरंचसं खरं आहे. हार्ट अटॅकबाबत नाही.

निकोटिन रक्तात गेलं की काही मिनिटांतच नाडी आणि बीपी वाढतं, म्हणजे हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो. नेमक्या त्याच वेळी हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवरची ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. त्याची पकड ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट असते. रक्ताची गुठळी धरणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेटही चिकट होतात. धमनीतला चरबीचा थर फुटला की त्यावर गुठळी धरायला एवढं पुरतं, मग वय पस्तीस का असेना. ‘मी दिवसाला एकच ओढतो’ यातही फारसा दिलासा नाही. २० ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास एका सिगारेटनेच वाढतो.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, त्यामुळे आकडा ९८ दिसला तरी प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असू शकतो. हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. म्हणून शेवटची सिगारेट कधी ओढली हेही सांगा.

धाप लागली असेल तर तुमच्या उत्तरावर उपचारच बदलतात. सीओपीडीच्या (बहुधा सिगारेटमुळे होणारा, श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंटला ऑक्सिजन बेताने देतात, रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच. जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो. उंच, सडपातळ, ओढणारा तरुण एका बाजूला अचानक कळ येऊन धापत आला, तर फुप्फुस फुटून छातीत हवा भरल्याची शंका आधी घ्यावी लागते. पक्षाघात आणि अल्सरमधून होणारा रक्तस्राव (शौच डांबरासारखी काळी होते) यांतही सिगारेटचा हात असतो.

नातेवाईक समोर आहेत म्हणून पेशंट ‘नाही’ म्हणतात, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. लाज वाटत असेल तर डॉक्टरांना एकट्याने बोलायचंय असं सांगा. दिवसाला किती आणि किती वर्षं, एवढं सांगितलं तरी चालेल. आणि छातीत दुखत असताना बरं वाटावं म्हणून अजून एक पेटवू नका, अँब्युलन्स बोलवा.