जर्मनीत पहिली गाडी: प्लग-इन हायब्रिड की साधी पेट्रोल?

तुम्ही विचारलंय की येत्या उन्हाळ्यात जर्मनीला येताय, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार, ऑफिस १८ किलोमीटरवर, कंपनी गाडी देणार की नाही ते अजून ठरलेलं नाही. तर फोक्सवॅगनची गोल्फ पेट्रोल घ्यावी की तीच गाडी प्लग-इन हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत सॉकेटला लावून भरायची बॅटरी आणि मोटर असलेली? मी इथे प्लग-इन चालवतो, तरी आधीच सांगतो: स्वतःच्या पैशाने नवी घेणार असाल तर पेट्रोल घ्या. कंपनीची मिळणार असेल तर प्लग-इन. आता का ते सांगतो.

हिशेब गाडीपेक्षा सॉकेटचा जास्त आहे. माझ्या घरच्या विजेला युनिटला ३६ सेंट पडतात. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून १०० किलोमीटरला साधारण २० युनिट लागतात, म्हणजे ७ युरो २० सेंट. पेट्रोल गोल्फ सहा लिटर पिते. लिटर पावणेदोन युरो धरला तर साडेदहा युरो. इथपर्यंत प्लग-इन जिंकते. पण तीच वीज रस्त्यावरच्या चार्जिंग खांबावरून ५९ सेंटने घेतली की ११ युरो ८० सेंट होतात, म्हणजे पेट्रोलपेक्षाही महाग! घरी चार्जिंगची सोय नसलेला माणूस प्लग-इन घेतो तेव्हा तो जास्त पैसे मोजून एक जड पेट्रोल गाडी घेतो, एवढंच.

आणि सोय आहे असं धरलं तरी? वर्षाला १०,००० किलोमीटर विजेवर काढलेत तर वाचतात ३३० युरो. दोन गाड्यांच्या किमतीत पाच हजारांचा फरक असेल तर तो भरून निघायला पंधरा वर्षं. तोवर तुम्ही कदाचित दोनदा शहर बदललेलं असेल.

कंपनीच्या गाडीचं गणित मात्र वेगळंच आहे. खासगी वापरासाठी मिळालेल्या गाडीच्या छापील किमतीचा १ टक्का दरमहा तुमच्या करपात्र उत्पन्नात धरतात, शिवाय घर ते ऑफिस अंतराच्या दर किलोमीटरला ०.०३ टक्के. प्लग-इनला छापील किंमत निम्मीच धरतात. अट अशी की २०२५ पासून आलेल्या गाडीची विजेवरची रेंज किमान ८० किलोमीटर हवी किंवा कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आत. ४४,००० युरोच्या गाडीला तुमच्या १८ किलोमीटरसकट पेट्रोलमध्ये महिन्याला सुमारे ६७८ युरो उत्पन्नात वाढतात, प्लग-इनमध्ये ३३९. हा फरक दर महिन्याच्या पगारात दिसतो. यापुढे विजेचे सेंट मोजायची गरजच राहत नाही. म्हणून तर अनेकजण कंपनीचं पेट्रोल कार्ड (पैसे कंपनी भरते) वापरत राहतात आणि केबल डिकीत प्लॅस्टिकच्या वेष्टनात तशीच पडून असते. २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांची खरी आकडेवारी युरोपीय आयोगाने तपासली, तेव्हा प्लग-इनचं कार्बन डायऑक्साइडचं प्रदूषण कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. पेट्रोल-डिझेलचं फक्त वीसेक टक्के जास्त. दोष यंत्राचा कमी, न लावलेल्या केबलचा जास्त.

माझी गाडी सेकंडहँड, अशीच कंपनीतून परत आलेली, जुन्या १३ युनिटच्या बॅटरीची. कागदावर साठएक किलोमीटर. जानेवारीत हीटर लावून पस्तीस मिळाले तर खूश व्हायचं. तुमचं जाऊन-येऊन ३६ आहे, म्हणजे नेमकं परतताना घराच्या वळणावर इंजिन घुरघुरणार. २०२४ पासूनच्या गोल्फमध्ये बॅटरी जवळपास दुप्पट आहे, तिथे ही चिंता नाही. मात्र डिकी बघून घ्या: पेट्रोलमध्ये सुमारे ३८० लिटर, प्लग-इनमध्ये २७३. एअरपोर्टवर आईबाबांना घ्यायला गेलो तेव्हा दोन मोठ्या बॅगांपैकी एक बाबांच्या शेजारी मागच्या सीटवर बसून आली.

पहिल्या फ्लॅटमध्ये मी काय केलं तेही सांगतो. भूमिगत पार्किंगमध्ये माझ्या जागेमागेच सॉकेट होतं. तीन आठवडे मजेत गाडी लावली. मग एका सकाळी वायपरखाली चिठ्ठी: सॉकेट इमारतीच्या सामायिक मीटरवर आहे, वीज सगळ्यांच्या बिलात जाते, ताबडतोब बंद करावे. चूक माझीच होती, पण शेजाऱ्यांच्या नजरा पुढे वर्षभर पुरल्या. डिसेंबर २०२० पासून भाडेकरूला चार्जिंग बसवायची परवानगी मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण खर्च त्याचाच. जे घर आपण दोन वर्षांत सोडणार, तिथल्या भिंतीत किती पैसे घालायचे हा प्रश्न उरतोच. साध्या सॉकेटवर गाडी रात्रभरात भरते, फक्त जुन्या वायरिंगवर तासन्‌तास भार टाकण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

देखभालीत फार फरक समजू नका. इंजिन आहे, म्हणजे ऑइल आहे. ब्रेक कमी झिजतात, कारण वेग कमी करताना मोटरच काम करते. थंडीचे टायर दोन्हींना लागतात.

खरं तर गाडी निवडायची घाईच नाही. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ते आधी सुरू करा. विम्याच्या हप्त्याचाही धक्का बसेल, कारण हप्ता अपघाताविना गेलेल्या वर्षांच्या वर्गावर ठरतो आणि नवख्याला खालच्या वर्गापासून सुरुवात करावी लागते. आणि फ्लॅट बघायला जाल तेव्हा खिशात मोबाइलचा चार्जर ठेवा. पार्किंगमधल्या सॉकेटला लावून बघा, वीज येत असेल तर मीटर कोणाचा ते विचारा, आणि उत्तर ईमेलवर लिहून घ्या.